पिकला की काढू

येवल्याच्या विणकर आळीत आबांचा शब्द चालायचा. मुलीचं स्थळ असो, सोसायटीचं कर्ज असो की मागाची दुरुस्ती, सल्ला हवा असला की माणसं संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. आबा कमी बोलत आणि बोलत ते स्वतः पाहिलेलं, भोगलेलं. त्यामुळे डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला कुणी आला, की आबा सांगत ते आळीत कुणी ओलांडत नसे. "पिकू द्या. पिकला की काढू. कच्चा काढला तर डोळा जातो."

हे ऐकीव नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनएक वर्षांनी शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं. वर्गातले बाक बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. आबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. वडलांना हाताला धरून तेच घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला आणि म्हणाले, "अजून कच्चा आहे, पुढच्या थंडीत या." वडील वर्षभर थांबले, पुढच्या थंडीत गेले, ऑपरेशन नीट झालं. आळीतलेच एक गृहस्थ मात्र धीर न धरता दुसरीकडे जाऊन कच्चाच काढून आले. त्यांचा डोळा सुजला, लाल झाला आणि शेवटी गेला. दोन्ही गोष्टी आबांच्या समोर घडल्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून वडील कितीतरी दिवस उताणे पडून होते, खोकला आला तरी जीव मुठीत धरून, हेही त्यांनी पाहिलं. आणि नंतर वडलांच्या नाकावर आलेला तो जाड भिंगांचा चष्मा. त्यातून प्रत्येक वस्तू सव्वापट मोठी आणि जवळ आल्यासारखी दिसायची, कडेचं काही दिसायचंच नाही. वडील पुन्हा मागावर बसले, पण धोटा हाताशी यायच्या आधीच त्यांची बोटं मिटायची. चार-सहा महिने झटून शेवटी त्यांनी माग मुलाच्या हवाली केला.

एवढं पाहिलेल्या माणसाने मोतीबिंदूची घाई करू नका असं सांगितलं, तर त्यात हेकटपणा नव्हता. माया होती.

पुढे आबांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू आला. पण तो आला तो गोड बोलत. साठी उलटल्यावर त्यांना मागावर चष्म्यावाचून दिसायला लागलं. पंधरा वर्षं वापरलेला जवळचा चष्मा त्यांनी खुंटीला अडकवला आणि सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, "डोळे सुधारले बघा." डोळ्यातलं भिंग आतून कडक होत जातं तेव्हा त्याचा नंबर उणेकडे सरकतो आणि काही काळ जवळचं बरं दिसतं. मोतीबिंदूचीच ही एक पायरी, पण आळीत हे कुणाला ठाऊक असणार? नाशिकच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात डोळे तपासायचं काम करणारी त्यांची नात सुट्टीला आली की म्हणायची, "आबा, एकदा दाखवू या." आबा म्हणायचे, "पिकू दे गं."

भिंग कडक होताना पिवळं आणि मग तपकिरी पडत जातं. हे इतक्या हळू होतं की माणसाला रंग बदलल्याचं कळतच नाही. निळ्यातला निळेपणा कणाकणाने कमी होतो आणि पांढऱ्यावर पिवळी झाक चढते. आबांना रुपेरी जर आणि सोनेरी जर शेजारी ठेवली तरी फरक लागेना. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आजीच्या मात्र ते केव्हाच लक्षात आलं होतं. रोज सकाळी ती रंगांच्या कांड्या ठरलेल्या क्रमाने त्यांच्या उजव्या हाताला मांडून ठेवी. आबा जागा बघून कांडी उचलत. दोघांत याबद्दल कधी एक शब्द निघाला नाही.

मग आजीला बहिणीच्या दहाव्यासाठी कोपरगावला जावं लागलं. आबा एकटेच मागावर बसले. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मोराचा पदर होता. पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाचा धागा हाताने त्या त्या जागी गुंतवत जावा लागतो, पदराची दोन्ही अंगं सारखी दिसतात ती त्यामुळेच. आजी परत आली, पदराकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकली. मोराची मान हिरवी झाली होती, तीही अर्ध्यावर काळपट. चार दिवसांचं काम धागा धागा उसवावं लागणार होतं.

आबांचा राग रंगाऱ्यावर निघाला. रंगारीकाका त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. आबांच्या घरी रेशमाची लडी जायची ती त्यांच्याच कढईतून निघून. आबा निळी लडी घेऊन तडक त्यांच्या दारात गेले आणि चार माणसांदेखत ती खाटेवर टाकली. "हा निळा आहे? डांबरात बुडवलीस का लडी?" रंगारीकाकांनी लडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, उन्हात धरली. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात तर बाहुलीवर पांढरं सारवल्यासारखं दिसायचं. शहरात शिबिर आलं तेव्हा ते नाव नोंदवायला निघाले होते, पण आबांनीच त्यांना ओट्यावर बसवून घेतलं होतं. काका खाली मान घालून म्हणाले, "चुकलं असेल दादा. दुसरी देतो."

ती लडी चुकलेली नव्हती. पन्नास वर्षं रंग केलेला माणूस त्या दिवसापासून आपल्या हाताला भिऊ लागला. कढईत रंग टाकण्याआधी तो शेजारच्या पोराला हाक मारून विचारी, "बघ रे, बरोबर आहे का?"

पुढच्या पौषात येवल्याच्या गच्च्या पतंगांनी भरल्या होत्या. संक्रांतीच्या धामधुमीत एका रात्री रंगारीकाकांचा उजवा डोळा ठणकू लागला. कपाळापर्यंत कळ गेली, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. सकाळी त्यांचा मुलगा आबांकडे आला. आबा उठून गेले, डोळा पाहिला. लाल झाला होता. ते म्हणाले, "पिकतोय, म्हणून ठणकतोय. फार दिवस राहिले नाहीत आता. सण उरकू दे, मग नेऊ."

सण उरकला, करीचा दिवस गेला. घरात डोकेदुखीच्या गोळ्या होत्या त्या काकांनी घेतल्या. आठवडा असा गेला. मग कळ आपोआप थोडी बसली आणि उजव्या डोळ्याला उजेडही कळेनासा झाला, तेव्हा मुलाने त्यांना नाशिकला नेलं. आबांची नात त्या दिवशी तपासणीच्या खोलीत होती. तिने डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि काही न बोलता आत डॉक्टरांना बोलवायला गेली.

भिंग फुगत फुगत पुढे सरकलं होतं आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट त्याने बंद केली होती. आतला दाब वाढला, आणि त्या दाबाखाली डोळ्यामागची नस आठवडाभर चिरडत राहिली. मोतीबिंदू काढता येतो. मेलेली नस जिवंत करता येत नाही. डॉक्टरांनी दाब उतरवला, भिंग काढलं, वेदना थांबली. नजर आली नाही.

ही बातमी घेऊन नात स्वतः येवल्याला आली. आबांनी ऐकून घेतलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पहाटे आजीला म्हणाले, "माझी पिशवी भर. हिच्याबरोबर जातो."

तपासणी झाल्यावर आबा डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या आसपासच्या. आबांनी डोळ्यांविषयी काही विचारलंच नाही. ते म्हणाले, "बाई, मला एकच सांगा. आमच्या शाळेतल्या शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी माझ्या वडलांना खोटं सांगितलं होतं का?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "नाही आबा. त्यांनी खरंच सांगितलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं."

आणि मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक ओट्यावर जायला हवं असं मला वाटतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. त्या काळी शिबिरातली शस्त्रक्रिया बहुधा उघड्या डोळ्यांनी, फार तर साध्या भिंगाच्या मदतीने होई. बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यायचा आणि धुरकटलेलं भिंग बाहेर काढायचं. कच्च्या मोतीबिंदूचा गर चिकट असतो. तो आत राहिला की डोळा सुजतो. पिकलेला त्या मानाने नीट निघे. दुसरं कारण त्याहून मोठं होतं. काढलेल्या भिंगाच्या जागी आत काहीच बसवत नसत. त्याची भरपाई बाहेरून, अधिक दहा-बारा नंबरच्या चष्म्याने करायची. तसा चष्मा कपाळी येणार असेल तर थोडंफार दिसणाऱ्या माणसाने थांबलेलंच बरं होतं. थांबा म्हणणारा डॉक्टर त्या हत्यारांनिशी शहाणाच होता.

पण तो शहाणपणा ज्या पायावर उभा होता तो पाया लंडनमध्ये आधीच हलू लागला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या छताच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी असे डोळे तपासले. ॲक्रिलिक प्लास्टिकचे ते तुकडे डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही, हे त्यांच्या मनात राहिलं. युद्धानंतर त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहताना एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडलींनी सेंट थॉमस रुग्णालयात त्याच प्लास्टिकचं भिंग एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. ते बसलं खरं, पण त्याची ताकद फार जास्त निघाली. बाईंना लांबचं पाहायला उणे १८ नंबरचा चष्मा लागला. किती ताकदीचं भिंग कुणाच्या डोळ्यात बसवायचं याचा हिशोब अजून कुणाला नीट येत नव्हता. मोठमोठ्या डॉक्टरांनी रिडलींना वेड्यात काढलं, आणि त्यांचं म्हणणं जगाने मान्य करायला तीसेक वर्षं घेतली.

त्या तीस वर्षांत सूक्ष्मदर्शक आला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी कंपणारी पोकळ सुई वापरून भिंग डोळ्यातच फोडून शोषून घेतलं. दंतवैद्याच्या खुर्चीत दात साफ करून घेताना त्यांना ही कल्पना सुचली होती. हीच आजची फेको. मग घडी घालून आत सारता येणारी भिंगं आली आणि अर्धवर्तुळाचा छेद अडीच-तीन मिलिमीटरवर आला. टाका नाही, वाळूच्या पिशव्या नाहीत, त्याच दिवशी घरी. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या घरात जायचं. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ते दहा डॉलरच्या आसपास आणलं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत सरकारी मोहिमेतही आत भिंग बसवण्यावर भर आला. ज्या दोन कारणांसाठी थांबायचं ती दोन्ही संपली. उलट थांबण्यातच धोका उरला, कारण जुना मोतीबिंदू कडक होतो, फुगतो, फुटतो, आणि रंगारीकाकांच्या डोळ्यासारखा डोळा घेऊन जातो.

आबा सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, आमच्या आजोबांनी खड्ड्याचा माग सोडला नव्हता. माझ्या वडलांनी नवा माग घेतला, तेव्हा धागा किती ताणायचा, पाय कसा टाकायचा, सगळे नियम बदलले. पण माग विकणाऱ्याने घरी येऊन पंधरा दिवस शिकवलं होतं आम्हाला. तुम्ही सुई बदलली, भिंग बदललं, यंत्र बदललं. मग 'पिकू द्या' हे जुनं झालं, एवढं सांगायला आमच्या आळीत कुणी का नाही आलं?"

डॉक्टरबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यायला हवं होतं."

मला आबांचा प्रश्न रास्त वाटतो. शिबिरात "थांबा" सांगणारा डॉक्टर शाळेच्या वर्गापर्यंत आला होता, म्हणून त्याचा शब्द पन्नास वर्षं टिकला. "थांबू नका" हा शब्द मात्र दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात राहिला, आणि ज्याला दिसत नाही त्याने तो वाचावा अशी अपेक्षा केली गेली.

आबांचा मोतीबिंदू तपकिरी आणि टणक झाला होता. फेकोने तो फोडायला एवढी शक्ती लागली असती की बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा झाली असती. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही लवकर आला असता तर बारीक छेदातून झालं असतं. आता हाताने काढते. छेद सहा-सात मिलिमीटरचा होईल, पण तो तिरका, बोगद्यासारखा घेतात. आतल्या दाबाने आपला आपण मिटतो. टाका बहुतेक लागणार नाही." महागड्या यंत्रावाचून होणारी ही पद्धत नेपाळच्या डॉ. संदुक रुइत यांच्यासारख्यांनी आणि आपल्याकडच्या शिबिरांतल्या डॉक्टरांनी इतकी घोटली आहे, की पिकून टणक झालेल्या मोतीबिंदूला ती फेकोच्या तोडीची ठरते. प्रगती म्हणजे नेहमी महाग यंत्रच, असं नसतं. हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण साधं ऑपरेशन झालं म्हणून हिरमुसलेली माणसं मी पाहिली आहेत.

भिंगाचा नंबर ठरवायला नातीने डोळ्याची लांबी मोजली, बुबुळाचा बाक मोजला. मग तिने विचारलं, "आबा, मागावर बसल्यावर पदर तुमच्या डोळ्यांपासून किती लांब असतो?" आबांनी हात पुढे करून दाखवला. तिने पट्टीने मोजलं. पन्नास सेंटिमीटर. "मग आपण या अंतराला स्वच्छ दिसेल असं भिंग घेऊ. रस्त्यावर चालताना चष्मा लागेल, मागावर नाही लागणार. चालेल?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "असं निवडता येतं?"

"येतं. चुकूही शकतं थोडंसं. पण येतं."

आधी उजवा डोळा झाला. डोळ्याशेजारी एक इंजेक्शन दिलं तेवढंच दुखलं. पुढे काही मिनिटांत सारं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा नात समोर उभी होती. आबा बराच वेळ तिच्या ओढणीकडे पाहत राहिले. "ही निळी आहे," ते म्हणाले. मग त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, पुन्हा उजव्याने पाहिलं. डाव्याला ती ओढणी काळपट हिरवी दिसत होती.

येवल्याला पोचल्यावर घरात शिरण्याआधी त्यांनी आजीला हाक मारली. "ती लडी कुठं आहे? मी त्याच्या खाटेवर टाकली होती ती." रंगारीकाकांनी बदली लडी दिली होती आणि आधीची तशीच परत पाठवली होती. आजीने ती आणून दिली. आबांनी ती उन्हात धरली. मोराच्या मानेला हवा तसाच निळा होता तो, तिळभर कमी नाही की जास्त नाही.

ते तसेच काळा चष्मा लावून रंगारीकाकांच्या दारात गेले. तेव्हा चार माणसं होती, म्हणून आज त्यांनी चार माणसांना हाका मारून बोलावून घेतलं. लडी काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "रंग बरोबर होता. माझा डोळा चुकला होता. आणि तुझा डोळा माझ्या शब्दाने गेला."

रंगारीकाका लडी चाचपत राहिले. "दादा, तू मुद्दाम नाही ना सांगितलंस."

"मुद्दाम नाही. पण विचारून घेतलं नाही. पन्नास वर्षांत एकदाही विचारून घेतलं नाही."

काकांच्या डाव्या डोळ्याला अजून वेळ होता. महिन्याभरात आबा त्यांना स्वतः घेऊन गेले. तो मोतीबिंदू मऊ होता, फेकोने झाला. आता एका डोळ्याने का होईना, काका कढईत रंग टाकताना कुणाला विचारत नाहीत. आबांचा दुसरा डोळाही पावसाळ्याच्या आत झाला, थंडीची वाट न पाहता.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी कांड्या भरणारी मावशी ओट्यावर आली. तिला वाती वळायलाही दिसेना झालं होतं. आबांनी तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

"उद्या सकाळी नाशिकची एसटी आहे. चल माझ्याबरोबर."

"अहो आबा, पण पिकला नाही अजून. तुम्हीच म्हणाला होता ना, पिकला की काढू?"

"म्हणालो होतो. माझ्या वडलांच्या वेळी ते खरं होतं. आता नाही. आणि माझ्याच भरवशावर राहू नकोस. तिथं गेलीस की बाईंना विचार, आणखी काय बदललंय ते."

"आणि पैसे?"

"शिबिराची तारीख आहे, पैसे लागत नाहीत. आधार कार्ड घे. साखरेची गोळी चालू आहे ना तुझी? तिची चिठ्ठी घे, ती आधी बघतात. आणि डबा घे, जाण्या-येण्यात दिवस जातो."